तिसऱ्या-कालवांतलं शैवालाचं विष: किट विकत घेण्याआधी हे वाच

उत्तनच्या एका मुलाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. त्याची आई आणि मावशी ओहोटीला तिसऱ्या (वाळू-चिखलातल्या लहान शिंपल्या) काढतात, खडकावरची कालवंही फोडतात, इतकी वर्षं माल भाईंदरच्या बाजारात जायचा, आता वांद्र्याच्या दोन हॉटेलांनी नियमित माल मागितलाय. त्यातल्या एकाने विचारलं की टॉक्सिन टेस्ट झालीय का. याने नेटवर शोधलं तर स्ट्रिपवालं किट दिसलं, महाग आहे, आणि त्याच दिवशी जुहूच्या निळ्या चमकणाऱ्या लाटांचा व्हिडिओ पाहिला, त्यामुळे आता घरात टेन्शन आहे. त्याला विचारायचंय की किट घेऊन महिन्यातून एकदा समुद्राचं पाणी तपासलं तर चालेल का. आणि आई म्हणते की चाळीस वर्षं खातोय, कोणाला काही झालं नाही, उकळलं की सगळं मरतं.

मी नवी मुंबईत सीफूड तपासणाऱ्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं आहे, त्यातली बरीच शिंपल्यांचे नमुने कापण्यात गेलीत. तुझं वय माझ्या भाच्याएवढं वाटतंय म्हणून तू म्हणतेय, राग मानू नकोस.

आधी प्रश्न नीट करून घेऊ. तू विचारतोयस कुठलं किट घेऊ. पण तुझी खरी अडचण अशी आहे की आज टोपलीत जो माल आहे तो आजच्या आज हॉटेलला द्यायचा की नाही हे कशावरून ठरवायचं. किट हा त्यातला एक छोटा तुकडा आहे. कुठल्या जागेवरून, कुठल्या दिवशी, किती वेळा नमुना घेतलास, हे जास्त मोठं आहे, आणि त्याला पैसे कमी पण शिस्त जास्त लागते.

निळ्या लाटांचं आधी संपवते. ते नॉक्टिल्यूका. एकपेशी जीव आहे पण एवढा मोठा की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, बाटलीत पाणी घेऊन उजेडाला धरलं की खसखशीसारखे पारदर्शक गोळे तरंगताना दिसतात. रात्री लाट फुटली की धक्क्याने चमकतो. नॉक्टिल्यूका आपल्या या प्रश्नातलं मज्जातंतूंवर जाणारं विष तयार करत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे, त्याच्या अंगात अमोनिया साठतो, आणि तो ढिगाने मेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो आणि मासे तडफडून मरतात. म्हणजे चमकलं की विष आलं असं नाही. पण याची उलट बाजू जास्त महत्त्वाची, की पाणी साधं मातकट दिसतंय, काही चमकत नाही, लाल नाही, वास नाही, तरी शिंपलीत विष असू शकतं. डायनोफायसिस नावाचं शैवाल आहे, त्याच्या लिटरमागे शंभर-दोनशे पेशी झाल्या की कित्येक देशांतल्या यंत्रणा कान टवकारतात, आणि लिटरभर पाण्यात दोनशे पेशी म्हणजे रंगात शून्य फरक. रंगावरून ठरवणं सोडून दे.

आता विषं कुठली. सगळ्यात घाबरायचं ते सॅक्सिटॉक्सिन. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनाटम, पायरोडिनियम असली शैवालं ते बनवतात. शिंपली गाळणीसारखी पाणी ओढते, त्यातलं शैवाल खाते, विष तिच्या मांसात साठत जातं आणि तिला सहसा काही होत नाही, ती ठणठणीत असते. खाणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात, फार तर एक-दोन तासांत ओठ-जीभ बधिर, बोटांना मुंग्या, मग हातपाय जड, आणि डोस मोठा असेल तर श्वासाचे स्नायू बंद पडतात. यावर उतारा असलेलं औषध नाही, व्हेंटिलेटरवर ठेवून शरीराने विष बाहेर टाकेपर्यंत माणूस जगवायचा, तो पहिला एक दिवस काढला की बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. हे परदेशातलं काहीतरी आहे असं समजू नकोस. १९८१ ला तामिळनाडूत शिंपल्या खाऊन माणसं गेलीत, १९८३ ला मंगळूरकडे असाच प्रकार झाला, आणि १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळात विझिंजमला शिनाणे (खडकाला चिकटून वाढणाऱ्या लांबट शिंपल्या, इंग्रजीत मसल) खाऊन ७ जण गेले, शेकडो लोक हॉस्पिटलात होते. तिथेही लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच शिनाणे खात होते रे.

दुसरं ओकाडाइक ॲसिड, ते डायनोफायसिसचं, त्याने जुलाब-उलट्या होतात, दोन-तीन दिवसांत माणूस बरा होतो, आणि आपल्याकडे ते सरळ "काहीतरी बाधलं" मध्ये जमा होतं, कोणी तपासतच नाही. तिसरं डोमोइक ॲसिड. १९८७ ला कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिनाणे खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तिघं गेले, आणि काही जणांची नवीन गोष्टी लक्षात ठेवायची शक्ती कायमची गेली. ते सुडोनिट्शिया नावाच्या डायटममधून आलं होतं, डायटम म्हणजे काचेसारखं कवच असलेलं एकपेशी शैवाल. तोपर्यंत डायटम विषारी असेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आईच्या वाक्यावर येते, उकळलं की सगळं मरतं. जंतूंच्या बाबतीत आईचं बरोबर आहे. पण हे विष म्हणजे जिवंत काही नाही, तो एक रेणू आहे, आणि सॅक्सिटॉक्सिन शिजवून जात नाही. उलट आंबटात तर ते जास्त टिकतं, म्हणून कोकम, लिंबू, व्हिनेगर कशाचाच उपयोग नाही. तुला गंमत वाटेल, पण लॅबमध्ये आम्ही विष मांसातून बाहेर काढतो ते आंबट पाण्यात उकळूनच. १०० ग्रॅम मांस वाटून त्यात तेवढंच सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं, पाच मिनिटं हळू उकळायचं, थंड करायचं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३ च्या आसपास ठेवायचा, फार वर गेला तर विष बिघडतं. हे सगळं झाल्यावरही विष शाबूत असतं म्हणून तर मोजता येतं. आणि उकळताना ते मांसातून पाण्यात उतरतं. आपल्याकडे काय करतात, तिसऱ्या वाफवल्या की अंगचं सुटलेलं पाणी कोणी टाकत नाही, गाळून कालवणात घालतात, चव तिथेच असते. म्हणजे विष असलंच तर मांसात होतं तेही पोटात आणि पाण्यात उतरलं तेही पोटात. पाणी फेकलं तर थोडं कमी होईल, पण किती कमी ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे त्याला उपाय म्हणू नकोस. लसूण काळी पडते का, चांदीचं नाणं काळं पडतं का, आधी मांजराला घालून बघू, हे सगळं लोक मला विचारतात. यातलं काहीही चालत नाही.

तुझा मुख्य प्रश्न, महिन्यातून एकदा पाणी. नाही पुरणार, आणि दोन्ही बाजूंनी नाही पुरणार. एक तर पाणी आज इथलं उद्या डहाणूला, भरती-ओहोटीत तू बाटली भरलीस ते पाणी शिंपलीने प्यायलंच असेल असं नाही. दुसरं, शैवालाची लाट, म्हणजे एकदम झालेली भरमसाठ वाढ, येऊन गेली की दोन-तीन दिवसांत पाणी स्वच्छ दिसतं, पण मांसातलं विष आठवडे राहतं. किती राहतं ते जातीवर आहे, शिनाणे त्यातल्या त्यात लवकर सोडतात, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक शिंपली वर्ष-दोन वर्षं धरून ठेवते. आपल्या तिसऱ्यांचं नेमकं गणित मी छातीठोकपणे सांगणार नाही, म्हणून मी ते सावकाश सोडणाऱ्यांत धरून चालते. पाणी बघायचं ते इशारा म्हणून, की बाबा काहीतरी वाढतंय, नमुने लवकर लवकर घ्या. माल द्यायचा की नाही हे मांस तपासूनच ठरतं. आणि महिना हा काळ फार लांब आहे, लाट आठवड्याभरात येऊन जाते. युरोपात काढणी चालू असताना मांसाचे नमुने आठवड्याला एकदा घ्यायचा नियम आहे तो त्यासाठीच.

मग किट. स्ट्रिप वाईट नाहीत, मी स्वतः वापरते, पण तीन गोष्टी समजून घे. पहिली, बहुतेक स्ट्रिप वाचायच्या उलट्या असतात. कोविडच्या किटमध्ये दुसरी रेघ आली की पॉझिटिव्ह, ही आपल्या डोक्यात पक्की बसलीय. इथे विष असेल तर टेस्टची रेघ पुसट होते किंवा येतच नाही, दोन ठळक रेघा म्हणजे चांगलं. मी शिकवलेल्या मुलांनी पहिल्या दिवशी हे हमखास उलटं वाचलंय. दुसरी, सॅक्सिटॉक्सिन एकटं नसतं, त्याचं पन्नासेक भावंडांचं कुटुंब आहे आणि स्ट्रिपमधली अँटिबॉडी सगळ्यांना सारखी ओळखत नाही, निओसॅक्सिटॉक्सिन तर बऱ्याच किटना नीट दिसत नाही. म्हणजे कुठलं शैवाल आहे त्यावर किट किती खरं बोलेल हे अवलंबून. तिसरी, एक किट एका गटाचं, सॅक्सिटॉक्सिनची स्ट्रिप ओकाडाइकबद्दल काहीच सांगत नाही. आणि मांस काढून, वाटून, गाळून, पातळ करून मग थेंब टाकायचा असतो, स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर हे करू नकोस.

लॅबचा निकाल म्हणजे काय तेही सांगते. पूर्वी हे सगळं उंदरांवर चालायचं, अर्क टोचायचा आणि किती मिनिटांत जातो ते घड्याळ लावून बघायचं. आता एचपीएलसी आणि एलसी-एमएस या रेणू वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर एकेक भावंड वेगळं मोजतात आणि सगळ्यांची बेरीज सॅक्सिटॉक्सिनच्या भाषेत देतात. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा किलोला ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे किलोभर मांसात मिठाचे दहा-पंधरा दाणे एवढंच वजन. ओकाडाइकला ०.१६, डोमोइकला २० मिलिग्रॅम. लॅब निवडताना एवढंच बघ की एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) यादीत त्यांच्या नावावर नेमकी हीच टेस्ट आहे का, नुसतं "सीफूड टेस्टिंग" लिहिलेलं पुरत नाही.

आता माझ्या हातून गेलेली एक गोष्ट, आजही लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पुरवठादार नमुना घेऊन आला, छान गार, ताज्या शिंपल्या, तोंडं घट्ट मिटलेली. निकाल स्वच्छ आला, मी सही केली. तीन-चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी एका हॉटेलच्या किचनमध्ये गेले तर भिंतीवर माझ्याच रिपोर्टची झेरॉक्स लावलेली, आणि खाली पोत्यात माल वेगळ्याच खाडीचा, शिंपलीची जातसुद्धा वेगळी. कोणी आजारी पडलं नाही. पण माझी सही बघून तिथल्या शेफने इतके दिवस बिनधास्त माल घेतला होता. तेव्हापासून मी नमुन्यावर जागा, तारीख, भरतीची वेळ आणि काढणाऱ्याचं नाव असल्याशिवाय पाकीट उघडत नाही. तुझं हॉटेल जेव्हा "टेस्ट झालीय का" विचारतं तेव्हा बहुधा त्यांना असाच भिंतीवर लावायला कागद हवाय. तो देऊ नकोस. त्यांना सांग की दर वेळी कुठल्या जागेचा माल आहे ते लिहून मिळेल आणि त्या जागेचा शेवटचा निकाल कधीचा आहे तेही.

तर तू काय करायचं. मी तुझ्या जागी असते तर पहिले काही महिने किटवर एक रुपया घातला नसता. एक वही घेतली असती. आई आणि मावशी कुठे कुठे जातात त्या जागांना नावं असणारच, खडपाचं नाव, खाजणाचं नाव, ती तशीच लिही. प्रत्येक जागेचा माल वेगळ्या टोपलीत, एकत्र करायचाच नाही, हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे, कारण उद्या एका जागेवर काही निघालं तर बाकीचा धंदा बंद पडणार नाही. मग त्यातल्या मुख्य दोन जागांचा नमुना लॅबला. किलो-दीड किलो शिंपल्या कवचासकट, मांस १००-१५० ग्रॅम तरी निघायला हवं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आइसबॉक्समध्ये, बर्फाचं वितळलेलं पाणी अंगाला लागू द्यायचं नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यात बुडवून तर अजिबात नाही, २४ तासांच्या आत पोचवायचं. तोंड उघडून पडलेल्या शिंपल्या नमुन्यात घालू नकोस, त्या मेल्यात. लगेच जमत नसेल तर मांस काढून फ्रीजरला टाक, पण वितळल्यावर सुटलेलं पाणी फेकायचं नाही, ते नमुन्यातच जायला हवं, त्यात विष उतरलेलं असू शकतं.

पाण्याचा इशारा हवा असेल तर तो स्वस्तात होतो. वीस मायक्रॉनची, म्हणजे अगदी बारीक छिद्रांची, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळायची जाळी, एक बाटली, आणि पेशी टिकवून ठेवणारं ल्यूगोल आयोडीन, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत थेंब थेंब टाकायचं. दुसरी बाटली आयोडीनशिवाय, जिवंत, कारण जिम्नोडिनियम कॅटेनाटम जिवंत बघितलं की चुकत नाही, मण्यांची माळ सापासारखी वळवळत जाते, आयोडीनमध्ये ती माळ तुटते आणि नुसते गोल मणी उरतात. फोल्डस्कोप म्हणून कागदाचा मायक्रोस्कोप मिळतो, १४० पट मोठं दिसतं, त्यात नॉक्टिल्यूका आणि अशा माळा बघायला तू शिकू शकशील. जात पक्की सांगण्याचं काम मात्र लॅबचं. आणि एक सावध करून ठेवते, आपल्या पाण्यात गाळ फार, पहिल्या दहा स्लाइडमध्ये तुला चिखलाशिवाय काही दिसणार नाही, वैतागू नकोस, बाटली रात्रभर उभी ठेव. हाच गाळ सॅटेलाइटलाही फसवतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था सॅटेलाइटवरून शैवालाच्या लाटांची माहिती देते, खोल समुद्रासाठी ती चांगली आहे आणि बघत जा, पण उत्तन-गोराईच्या गढूळ किनाऱ्यालगत वरून शैवाल कुठलं आणि माती कुठली हे वेगळं करणं कठीण जातं.

सगळ्यात लक्ष कधी द्यायचं तर पावसाळा सरताना, साधारण ऑगस्टच्या शेवटापासून पुढे. नद्या-नाल्यांचं खत समुद्रात आलेलं असतं, ऊन परत पडायला लागतं, आणि विझिंजमचं सप्टेंबरातलंच होतं. त्या दिवसांत दर आठवड्याला नमुना काढ, बाकी वर्षात मध्ये अंतर ठेवलंस तरी मी समजू शकते, खर्च तुझ्या खिशातून जाणार आहे.

आता एक गोष्ट तू विचारली नाहीस पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या आसपासच्या शिंपल्यांत शैवालाच्या विषापेक्षा रोजचा धोका सांडपाण्याचा आहे. कावीळ, टायफॉइड, जुलाब. युरोपात शिंपली सरळ खायला द्यायची तर १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय (सांडपाण्याची खूण मानलेले आतड्यातले जिवाणू) २३० च्या आत लागतात, खाडीजवळच्या मालाचा तो आकडा तू एकदा काढून बघच. वांद्र्याचं हॉटेल कालवं कच्ची लिंबू पिळून देणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या तिथली कालवं कच्ची खायला देऊ नका, ऑर्डर गेली तरी चालेल. अतिनील दिव्याच्या टाकीत दोन दिवस ठेवून "शुद्ध" केलेला माल मिळतो, त्याने जिवाणू बरेच कमी होतात, शैवालाचं विष दोन दिवसांत जात नाही. म्हणजे शिजवणं जंतूंवर चालतं आणि विषावर नाही, तसंच टाकीचंही. दोन्ही टेस्ट वेगळ्या कराव्या लागतात.

आणि कोणाला खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर वाटली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ लावा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात पळा, आणि दारातच सांगा की अमुक वेळेला शिंपल्या खाल्ल्यात, श्वासावर लक्ष ठेवा. अंगावर गांधी उठल्या, खाज आली तर ती ॲलर्जी, ती वेगळी, पण तीही डॉक्टरलाच दाखवायची. उरलेलं कालवण फेकू नका, झाकण लावून फ्रीजरला ठेवा, तपासायला तेच लागतं.

आईला सांग की चाळीस वर्षं कोणाला काही झालं नाही हे मी हलक्यात घेत नाही. कुठल्या जागेच्या शिंपल्या कुठल्या महिन्यात खात नाहीत, कधी पाण्याला वास येतो, कुठल्या वर्षी मासे मरून किनाऱ्याला लागले होते, हे तिला आणि मावशीला माहीत असणार आणि आमच्या कुठल्याच मशीनमध्ये ते नाही. वहीचं पहिलं पान त्या दोघींना विचारून भर. मग येत्या अमावास्येच्या उधाणाला दोन टोपल्या, दोन चिठ्ठ्या, पेन्सिलने लिही, शाई ओल्यात पसरते.